अख्खा फणस नको, एक गरा हवा

प्रश्न असा आहे: मराठी माध्यमाचा तिसरीचा वर्ग, ३८ मुलं, ३५ मिनिटांचा तास, लेखनासाठी आठवड्याला तीन तास. ‘तुमची एखादी आठवण लिहा’ म्हटलं की सगळ्या वह्यांत एकच मजकूर येतो: सकाळी लवकर उठलो, आवरलं, गेलो, खूप मजा आली. इतक्या लहान मुलांना आठवण लिहायला शिकवता येते का, आणि येत असेल तर कशी?

येते. दुसरीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करता येते. फक्त वही उघडण्याआधी बरंच काम तोंडी करावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेक वर्गांत गाळलं जातं.

‘खूप मजा आली’ हे वाक्य मुलाच्या आळसातून येत नाही. विषय फार मोठा दिला, हे त्याचं पहिलं कारण. ‘माझी सहल’ म्हणजे सकाळी सहापासून रात्री आठपर्यंतचे चौदा तास. ते आठ ओळींत बसवायचे तर मोठ्या माणसालाही ‘गेलो, पाहिलं, जेवलो, परतलो’ एवढंच लिहिता येईल. दुसरं कारण, मुलाला तोवर लेखनाचा एकच नमुना माहीत असतो, तो म्हणजे निबंध. ‘गाय’ या निबंधात जगातल्या सगळ्या गायी येतात, त्यांना चार पाय असतात आणि त्या दूध देतात. आठवणीत एकच गाय येते, तीही एकाच दिवशीची, दावं तोडून शेजाऱ्याच्या बाजरीत शिरलेली. हा फरक मुलांना अशाच उदाहरणानं सांगावा. व्याख्या सांगून उपयोग नाही.

तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. सहा ते आठ वर्षांचं मूल नेहमी घडणाऱ्या गोष्टी साच्यात साठवतं. ‘सहलीला काय झालं?’ असं विचारलं तर ते ‘सहलीला काय होत असतं’ ते सांगतं. म्हणून उठणं, दात घासणं, आंघोळ, डबा, बस हे सगळं येतं. ते खोटं नसतं, पण ती त्या दिवसाची आठवण नसते. साचा मोडलेली जागा शोधणं हे शिक्षकाचं काम आहे: बस बंद पडली, डब्याचं झाकण उघडेना, चप्पल वाहून गेली.

म्हणून पहिला नियम आकाराचा. जे घडायला पाच ते पंधरा मिनिटं लागली तेवढंच लिहायचं. कोकणातल्या वर्गात ‘अख्खा फणस नको, एक गरा’ म्हटलं की मुलांना लगेच कळतं. विदर्भात ‘अख्खं संत्रं नको, एक फोड’ म्हणावं. फळ्यावर दोन-तीन फणस लिहून मुलांकडूनच गरे काढून घ्यावेत. ‘दिवाळी’ हा फणस, त्यातला ‘पहिल्या आंघोळीला उटणं डोळ्यात गेलं’ हा गरा. ‘माझी आजी’ हा फणस, ‘आजीनं मला सुईत दोरा ओवायला हाक मारली’ हा गरा. ‘पावसाळा’ हा फणस, ‘छत्री उलटी झाली आणि मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले’ हा गरा. यात पहिल्या दिवशी दहा-बारा मिनिटं गेली तरी हरकत नाही.

विषय कोणते द्यावेत? माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा विषय म्हणजे अंगावरची खूण. गुडघ्यावर, कपाळावर, हनुवटीखाली, पोळल्याची, पडल्याची. प्रत्येक मुलाकडे एक तरी असते, तिला पैसे लागत नाहीत, ती घरी विसरत नाही आणि तिच्यामागे नेमकी दहा मिनिटांची घटना असते. त्याखालोखाल पडलेला दात. पुढचे दुधाचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, म्हणजे दुसरी-तिसरीच्या वर्गात हा ताजा माल असतो. कुठे पडला, कुणाला दाखवला, मग त्याचं काय केलं, छपरावर फेकला की कुठे पुरला, याची उत्तरं घरागणिक वेगळी येतात. रात्री लाईट गेली तेव्हा, पहिल्यांदा एकट्यानं दुकानातून काही आणलं तेव्हा, बाजारात आईचा हात सुटला तेव्हा, नवी चप्पल चावली तेव्हा, घरातलं जनावर व्यालं तेव्हा, हे सगळे विषय चालतात.

न चालणारे विषय म्हणजे सहल, वाढदिवस, ‘माझा अविस्मरणीय प्रसंग’ आणि ‘माझी आई’. शेवटच्यात लगेच निबंध शिरतो. वाढदिवसात आणखी एक अडचण आहे. केक, फुगे, फोटो हे ज्या घरी होत नाही त्या मुलाला तिथे खोटं तरी लिहावं लागतं, नाहीतर गप्प बसावं लागतं. ‘लहानपणीचा फोटो आणा’ या उपक्रमाचंही तेच होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल वर्षातले काही महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतं. त्याच्याकडे फोटो नसेल, पण कोपीत पाणी शिरलं त्या रात्रीची आठवण असते. विषय असा द्यावा की ती आठवण आपसूक वर येईल.

‘मी बाळ असताना’ हा विषयही जपून द्यावा. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठ्या माणसांनाही सहसा आठवत नाही. या मुलांना त्याआधीचं थोडंफार आठवू शकतं, पण बारशाचं आणि पहिल्या पावलांचं जे ती सांगतात ते ऐकीव असतं. ऐकीव लिहायला बंदी नाही, फक्त ‘आजी सांगते की’ असं लिहायला शिकवावं. आपलं आठवणं आणि दुसऱ्याकडून ऐकणं यांतला फरक आठ वर्षांच्या मुलाला छान समजतो.

आता तासांचं गणित. एका आठवणीला नऊ तास धरावेत, म्हणजे तीन आठवडे. याहून कमीत उरकलं तर पुन्हा ‘मजा आली’ येतं, याहून जास्त ताणलं तर मुलं त्याच मजकुराला कंटाळतात. पहिले तीन तास फक्त बोलणं आणि चित्र. पुढचे दोन कच्चं लिखाण. त्यानंतर तीन तास दुरुस्तीचे आणि शेवटचा एक नीट उतरवण्याचा. वाचन परिपाठात करावं, त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

पहिल्या तासाला शिक्षकानं स्वतःची एक आठवण सांगावी, दोन मिनिटांत संपणारी आणि आपल्या सातव्या-आठव्या वर्षातली. ती साधी असू द्या. शिक्षकानं अपघात सांगितला की मुलं अपघात रचतात. कुत्रा चावल्याचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाला कुत्रा चावलेला असतो. यावर उपाय म्हणजे लागोपाठ दोन आठवणी सांगायच्या, एकमेकींसारख्या मुळीच नसलेल्या, म्हणजे नक्कल कशाची करायची हेच कळत नाही. शिवाय निवड कशी केली तेही मोठ्यानं बोलून दाखवावं: ‘मामाचं लग्न सांगू का? नको, तो फणस झाला. लग्नात माझ्या फ्रॉकवर मठ्ठा सांडला, ते सांगते.’

मग जोड्या. एक मूल दोन मिनिटं बोलेल, दुसरं ऐकेल आणि तीन प्रश्न विचारेल, मग उलट. घड्याळ लावूनच करावं, नाहीतर बोलकं मूल सगळा वेळ खातं. जोडी एकाच गल्लीतली किंवा घरातली नको. ऐकणाऱ्याला प्रसंग आधीच माहीत असेल तर तो प्रश्न विचारत नाही आणि सांगणारा अर्धं गाळतो.

विचारायचे प्रश्न भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवावेत. तू नेमका कुठे होतास? हातात काय होतं? आधी काय ऐकू आलं? कोण काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत सांग. मग? यांतला शेवटचा ‘मग?’ सगळ्यांत कामाचा. ‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न मात्र सुरुवातीला टाळावा. त्याचं उत्तर ‘छान’ किंवा ‘वाईट’ येतं आणि तिथे बोलणं संपतं. त्याऐवजी ‘तेव्हा तू काय केलंस?’ असं विचारलं की ‘मी दाराच्या मागे लपलो’ असं मिळतं, आणि त्यातून कसं वाटलं ते वाचणाऱ्याला कळतं.

एक धोका इथे नीट समजून घ्यावा. या वयाची मुलं सुचवलेलं पटकन स्वीकारतात. ‘आई रडली असेल ना?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणतं, लिहितं, आणि पुढे त्याला तसंच आठवू लागतं. म्हणून हो-नाही उत्तराचे प्रश्न नकोत, उत्तर पोटात घेऊन आलेले प्रश्न तर नकोतच. ‘आई काय करत होती?’ एवढंच विचारावं. ‘आठवत नाही’ हे उत्तर स्वीकारावं, आणि तसं लिहायलाही परवानगी द्यावी. ‘तेव्हा पाऊस होता का ते मला आठवत नाही, पण चप्पल ओली होती’ हे वाक्य तिसरीच्या मुलानं लिहिलं तर ते खरं आठवणलेखन झालं.

पंचेंद्रियांचा तक्ता बरेच जण वापरतात: काय दिसलं, काय ऐकलं, कसला वास, कशी चव, कसा स्पर्श. तोंडी काढून घ्यायला तो ठीक आहे. लिहायला दिला की मुलं पाचही रकाने भरतात: ‘मला वास आला. मला आवाज आला. मला स्पर्श झाला.’ दोन पुरेत, आणि कुठले दोन ते त्या प्रसंगानं ठरवावं. फोडणीत हात पोळला असेल तर चवीचं काय करायचं?

तिसऱ्या तासाला चित्र. ए-फोर आकाराचा कोरा कागद आडवा धरून दोनदा दुमडला की चार उभ्या पट्ट्या होतात. पहिली पट्टी ‘आधी’, मधल्या दोन मिळून ‘ऐन वेळी’, शेवटची ‘नंतर’. दोन पट्ट्यांचं हे प्रमाण मुद्दाम आहे. मुलं सहसा निम्मा मजकूर ‘आधी’वर खर्च करतात आणि मुख्य प्रसंग एका वाक्यात गुंडाळतात. कागदावर जागा दिसली की लिहिताना ती आठवते. चित्रासाठी दहा मिनिटं, आणि फक्त पेन्सिल. रंग दिले तर आकाश निळं करण्यात तास संपतो. प्रत्येक भागाखाली एक-दोन शब्द लिहून घ्यावेत, तोच कच्च्या लिखाणाचा आराखडा.

कच्चं लिखाण एक ओळ सोडून करायचं, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते. सलग १२ ते १५ मिनिटं लिहायचं, तेवढा वेळ खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. खोडरबर हातात असला की मूल पहिलंच वाक्य चार वेळा लिहितं. या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं यांना हात लावू नये. ‘दवाखाना’ लिहिता येत नाही म्हणून मूल ‘डॉक्टरकडे’ लिहितं ते ठीक, पण ‘टाके’ लिहायची भीती वाटून टाक्यांचा प्रसंगच गाळतं, हे नुकसान मोठं आहे. ‘जसं ऐकू येतं तसं लिही, मग बघू’ एवढं सांगावं.

किती लिहायचं याचा अंदाज: दुसरीत चित्राखाली तीन ते चार वाक्यं, तिसरीत सहा ते दहा, चौथीत बारा-पंधरा. ‘दहा ओळी लिहा’ असं मात्र सांगू नये, कारण मग मूल ओळी मोजतं आणि दहावीला थांबतं.

ज्याला लिहिताच येत नाही त्याचं काय? प्रत्येक तिसरीत अशी चार-पाच मुलं असतात. त्यांनी सांगायचं, शिक्षकानं शब्द न बदलता तीन वाक्यं लिहून घ्यायची, मग त्यांनी ती वाचायची आणि उतरवायची. स्वतःच बोललेलं असल्यानं ती मुलं ते वाचू शकतात, अनोळखी धडा वाचताना अडखळणारीसुद्धा. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग असतात, तिथे हे काम चौथीची मुलं आनंदानं करतात. त्यांना एकच बजावावं लागतं की सुधारायचं नाही, बोलेल तसंच लिहायचं. मोबाईलवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून मुलाला ते थांबवत-थांबवत ऐकून लिहू दिलं तरी जमतं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. मूल घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी, कोरकू किंवा गोंडी बोलत असेल तर घडलेलं सगळं त्या भाषेत घडलेलं असतं. आजी ‘बाळ, इकडे ये’ म्हणालीच नव्हती. म्हणून तोंडी सांगणं घरच्या बोलीत होऊ द्यावं. लिहिताना, अवतरणचिन्हांतलं बोलणं जसं होतं तसंच ठेवावं आणि बाकीचं मुलाला जमेल त्या मराठीत. संवाद प्रमाण करून घेतला की आजी बातम्या दिल्यासारखी बोलू लागते. कोरकू-गोंडी घरातल्या मुलांसाठी त्या भाषेचा जाणकार मोठा विद्यार्थी सोबत बसवावा. घरातल्या ज्या वस्तूला मराठीत शब्द नाही तिचा मूळ शब्द तसाच ठेवावा. परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत उलटं होतं: प्रसंग शाळेच्या बसमध्ये, इंग्रजीत घडलेला असतो. तिथेही संवाद देवनागरीत इंग्रजीच राहू द्यावा.

‘मग’ची साखळी हा दुसरा नेहमीचा त्रास: मग मी गेलो मग तो आला मग आम्ही पळालो. ‘मग’वर बंदी घालू नये, तो बोलण्याचा सांधा आहे. मुलाला मजकूर मोठ्यानं वाचायला लावावा. जिथे श्वास थांबतो तिथे पूर्णविराम द्यावा आणि तीनपैकी एक ‘मग’ ठेवावा. काळाचंही तसंच. ‘मी दार उघडतो तर काय, समोर साप!’ हा वर्तमानकाळ चूक नाही, मराठीत गोष्ट अशीच सांगतात. पूर्ण परिच्छेदात उगाच उडी मारत असेल तरच बोट ठेवावं. ‘मी गेली’ आणि ‘मी गेले’ हा विषय शेवटच्या तासापर्यंत काढूच नये.

आणि वाक्प्रचार. ‘माझा आनंद गगनात मावेना’, ‘माझ्या पायाखालची जमीन सरकली’. व्याकरणाच्या स्वाध्यायातून हे थेट आठवणीत येतात, आणि पालकांना ते फार आवडतात, हीही अडचणच. मुलाला ओरडू नये. ‘म्हणजे तू काय केलंस?’ एवढं विचारावं. ‘मी पलंगावर उड्या मारल्या’ असं म्हणाला की तेच लिहून घ्यावं.

आता दुरुस्ती. ३८ मुलांशी प्रत्येकी दोन-तीन मिनिटं बोलायचं तर एका तासात बारा-तेराच्या वर होत नाहीत. म्हणून तीन तास लागतात. बाकीची तोवर जोडीत एकमेकांचं वाचतात किंवा ‘नंतर’ची पट्टी लिहितात. बोलताना वही हातात घेऊ नये, मुलालाच वाचू द्यावं. आणि मजकुरातली एकच जागा निवडावी. कुठली? जिथे मूल काहीतरी सांगता सांगता पुढे पळालं ती. नमुन्यादाखल रचलेला एक मजकूर पाहा:

‘मी मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेलो. तिथे मामा, मामी, आजी होते. आम्ही आंबे खाल्ले. विहिरीवर गेलो. मला भीती वाटली. मग मी पोहायला शिकलो. खूप मजा आली.’

यात आंबे, मामी, मे महिना सगळे साच्यातले. ‘मला भीती वाटली’ ही जागा. कुठे उभा होतास? पायरीवर. कितव्या? शेवटून दुसऱ्या. अंगावर काय होतं? डबा, तेलाचा, पाठीला बांधलेला. मामा काय म्हणाला? ‘सोड की आता दगड!’ मग? मी नाही सोडला. मग? त्यानं पाणी उडवलं. एवढ्या बोलण्याला दोन मिनिटं लागतात. त्यानंतरचा मजकूर असा होऊ शकतो:

‘मी शेवटून दुसऱ्या पायरीवर उभा होतो. पायाखाली शेवाळ होतं. पाठीला तेलाचा डबा बांधला होता, तो टोचत होता. मामा पाण्यात होता. तो म्हणाला, “सोड की आता दगड!” मी नाही सोडला. मग त्यानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. मी डोळे पुसायला गेलो अन् हात सुटला. नाकात पाणी गेलं. डबा ढब् वाजला आणि मी वर आलो. मामा हसत होता. मी जेवेपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.’

भीती हा शब्द गेला आणि भीती राहिली. यातला एकही शब्द शिक्षकाचा नाही, हेही पाहा. प्रश्न विचारायचा आणि मुलाच्या तोंडून आलेलं वाक्य ‘हे लिही’ म्हणून त्याला परत द्यायचं, एवढंच शिक्षकाचं काम.

वहीत ‘छान’, ‘उत्तम’, ‘अजून प्रयत्न कर’ असले शेरे लिहून काही होत नाही. समासात एक प्रश्न लिहावा, ‘दार कुणी उघडलं?’, आणि मुलानं उत्तर मजकुरात घालावं. त्यासाठी हंसपद (^) शिकवावं: दोन शब्दांमध्ये ते छोटं चिन्ह आणि वरच्या मोकळ्या ओळीत नवं वाक्य. तिसरीच्या मुलांना हे चिन्ह मनापासून आवडतं, कारण पूर्ण पान पुन्हा लिहावं लागत नाही. लाल पेन नको. शुद्धलेखनाच्या दोनच गोष्टी एका आठवणीत घ्याव्यात, उदाहरणार्थ पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं. पुढच्या आठवणीत दुसऱ्या दोन.

सुरुवात आणि शेवट यांसाठी एक सोपी युक्ती आहे. मुलाला पहिली दोन वाक्यं पट्टीनं झाकून तिसऱ्यापासून वाचायला सांगावं. काही बिघडलं का? बहुतेक वेळा नाही, उलट बरं वाटतं. मग ती दोन वाक्यं काढायची की नाही ते त्यानं ठरवावं. शेवटचंही तसंच झाकावं. तिथे हमखास ‘या प्रसंगातून मला असे शिकायला मिळाले की’ किंवा ‘हा दिवस मी कधीच विसरणार नाही’ बसलेलं असतं. तात्पर्य लिहिण्याची सवय बोधकथांतून लागते आणि ती एका फेरीत जात नाही. पर्याय द्यावा: शेवटी कोण काय करत होतं ते लिही, किंवा ती वस्तू आता कुठे आहे ते लिही. ‘तो डबा अजून मामाच्या गोठ्यात टांगलेला आहे.’ चौथीत मात्र एक पाऊल पुढे जाता येतं. ‘तेव्हा मला वाटलं…’ आणि ‘आता मला वाटतं…’ अशी दोन वाक्यं सुचवावीत. ही गोष्ट अजून का आठवते याचा विचार तिथे सुरू होतो. दुसरीत हा प्रश्न विचारू नये. मूल गोंधळतं आणि पुन्हा तात्पर्याकडे वळतं.

हे घरी करायला देऊ नका. घरी दिलं की पालक लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ३८ वह्यांत ‘अविस्मरणीय’ हा शब्द शुद्ध लिहिलेला असतो. घरच्यांना एकच प्रश्न विचारून यायला सांगावं, ‘त्या दिवशी मी काय म्हणालो होतो?’ घरचं उत्तर आणि मुलाची आठवण जुळली नाही तर मुलाचं ठेवावं.

दुखऱ्या आठवणी येणारच. आजोबा गेले, वडील दारू पिऊन आले, आई निघून गेली. त्या मुद्दाम काढून घेऊ नयेत आणि आल्या तर दाबूही नयेत. सुरुवातीलाच वर्गाला तीन गोष्टी सांगाव्यात: आठवण तुम्ही निवडायची, वाचून दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि पान मधून दुमडलेलं असेल तर ते फक्त बाईंनी किंवा सरांनीच वाचायचं. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला विचारावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. लिहिण्यातून मारहाण किंवा लैंगिक त्रासाची शंका आली तर मुलाला खोदून विचारू नये, त्याचेच शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. मदतीसाठी बालकांची हेल्पलाईन १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून बघू’ हा विचार तिथे चालत नाही.

आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे वर्गात वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी नोंद करायची असेल तर चारच गोष्टी पाहाव्यात. प्रसंग एकच आहे का? आधी काय आणि नंतर काय ते कळतं का? कुणाचं तरी बोलणं आहे का? आणि फक्त त्याच मुलाला माहीत असेल अशी एक तरी गोष्ट आहे का? चौथी सगळ्यांत महत्त्वाची. मजकुरावरचं नाव झाकून वाचलं आणि कुणाचं आहे ते ओळखू आलं, तर ती जमली. प्रसंग किती मोठा किंवा किती दुःखाचा आहे याला गुण नाहीत. एकदा जरी तसे दिले तरी पुढच्या वेळी वर्गातल्या निम्म्या आजी वारलेल्या असतात.

शेवटच्या तासाला दोन ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते: एक मुखपृष्ठ, चार पानं मजकूर, दोन चित्रांना, मागचं पान कोरं. साध्या स्टेपलरची तोंडं मधल्या घडीपर्यंत पोचत नाहीत. त्यापेक्षा दाभणानं तीन भोकं पाडून जाड दोरा ओवावा. भोकं शिक्षकानं पाडावीत, दोरा मुलांनी. परिपाठात रोज दोघांनी वाचायचं. ऐकणाऱ्यांनी टाळ्यांऐवजी मजकुरातली लक्षात राहिलेली एक गोष्ट परत सांगायची: ‘डबा ढब् वाजला ते.’ रोज दोघं म्हणजे ३८ मुलांना १९ दिवस लागतात. तोवर पुढच्या आठवणीचं बोलणं सुरू झालेलं असतं, आणि मागचं कोरं पान तिच्यासाठी सुचलेले गरे टिपायला कामी येतं.